पुठ्ठ्याचा ड्रायव्हर आधी बसव

हॉट रॉडचं मॉडेल करायचं मनावर घेतलंच आहेस, तर ब्लेड हातात घेण्याआधी पुठ्ठ्याचा एक ड्रायव्हर काप. आपलं प्रमाण एकास चोवीस. बसलेल्या पुरुषाची बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची साधारण 88 सेंटीमीटर धर. 24 ने भागलीस की 37 मिलिमीटर येतात. कमरेपासून गुडघा 25, गुडघ्यापासून टाच 22, खांद्यांची रुंदी 19. कमरेत आणि गुडघ्यात टाचणी टोचून सांधा ठेव, म्हणजे त्याला बसवता येईल, पाय लांब करता येतील. हा माणूस काम संपेपर्यंत टेबलावरून हलवायचा नाही. टप खाली आणलास की त्याला आत बसवून बघ. इंजिन मागे सरकवलंस की त्याचे पाय कुठे जातात ते बघ. स्टिअरिंग त्याच्या छातीत रुतत असेल, तर गाडी कितीही देखणी दिसली तरी ती चुकली, असं समज आणि पुन्हा मोजायला बस.

टूलरूममध्ये मला ज्यांनी कानस धरायला शिकवलं त्या उस्तादांचं एकच सांगणं असायचं, “पहले चला के देखो, फिर सजाओ.” ते डाय आणि फिक्स्चरबद्दल बोलायचे. मी तेच मॉडेलच्या गाड्यांना लावत आलो, आणि आता तुझ्या कानात घालतोय. मॉडेल रस्त्यावर धावणार नाही हे मलाही कळतं. पण कल्पनेतली गाडी धावली पाहिजे. तिचं इंजिन जागेत मावलं पाहिजे, चाक वळलं पाहिजे, माणूस आत शिरून बाहेर पडू शकला पाहिजे. एवढं जमलं की मग वाटेल तेवढी मोकाट कल्पना कर, मी आडवा येणार नाही.

आणि मोकाट कल्पना म्हणजे तरी काय, तेही नीट समजून घे. हॉट रॉड ही श्रीमंतांची हौस म्हणून जन्मली नाही. 1932 साली फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, 221 घन इंचांचं, म्हणजे आपल्या भाषेत 3.6 लिटरचं, 65 हॉर्सपॉवरचं. काही वर्षांतच त्या गाड्या जुन्या बाजारात पोराटोरांच्या खिशाला परवडू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या घेतल्या, मडगार्ड उतरवले, बॉनेट काढून टाकलं आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाटीवर पळवल्या. 1937 मध्ये या शर्यती भरवणाऱ्या क्लबांची रीतसर संघटनाही झाली. महायुद्ध संपल्यावर बिल बर्क नावाच्या गड्याने लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायची जादा पेट्रोलची टाकी उचलली, तिला चाकं लावली आणि आत स्वतः बसला. टाकीचा आकार हवेला कमी अडवतो हे त्याच्या डोळ्यांनी हेरलं होतं. इथे लखनौत डोक्यावरून अमौसी विमानतळावर उतरणारी विमानं जातात तेव्हा मला हटकून तो आठवतो.

म्हणून हॉट रॉडच्या फोटोत जे जे दिसतं त्याला ‘का?’ विचारायची सवय लाव. मागची चाकं मोठी का? एका फेऱ्यात जास्त अंतर कापतात आणि जमिनीला जास्त चिकटून राहतात. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध खाली वाकवलेला का? गाडीचं नाक जमिनीलगत यावं म्हणून. टप का कापला? समोरून हवेला अडवणारा भाग कमी व्हावा म्हणून. पुढे शोभेचा भाग वाढला हे खरं. एड रॉथ नावाच्या अमेरिकन कारागिराने 1961 मध्ये ‘बीटनिक बँडिट’ केली, तिला पारदर्शक बुडबुड्यासारखा टप आणि स्टिअरिंग चाकाऐवजी एक दांडा. 1968 साली हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या निघाल्या त्यांत ती होती. पण तिच्याखाली ओल्डस्मोबिलची आखूड केलेली चेसिस होती, खरं इंजिन होतं. इतकी अचाट गाडी, तीही खऱ्या सांगाड्यावर उभी. रॉथचा हा गुण मला त्याच्या रंगांपेक्षा मोठा वाटतो.

आता गाडी कोणती घ्यायची? 1932 च्या फोर्डची किट जगभर मिळतात, लोक सुंदर करतात, तूही एखादी कर. पण त्या पोरांनी हाताशी होतं ते घेतलं, हीच गोष्ट आपण उचलायची असेल तर आपल्या हाताशी काय आहे ते बघ. मी राहतो त्या सरोजिनी नगरात, कानपूर रोडवर, स्कूटर्स इंडियाचा कारखाना होता. 1972 मध्ये कंपनी स्थापन झाली, इटलीच्या इनोसेन्टीची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री इथे आली आणि 1975 पासून देशासाठी ‘विजय सुपर’ आणि परदेशासाठी ‘लॅम्ब्रेटा’ अशा नावांनी स्कूटर बाहेर पडू लागल्या. तिथलीच ती तीनचाकी विक्रम, जिच्यात बसून अर्धं लखनौ कामाला गेलं. 1997 मध्ये स्कूटरचं उत्पादन थांबलं, 2021 मध्ये कंपनी बंद करायचा निर्णय झाला. पण ते सुटे भाग, ती चाकं, ते पत्रे अजून भंगारात फिरताहेत. रविवारी नक्खासच्या बाजारात गेलं की कुठे ना कुठे दिसतातच.

विक्रमचा हॉट रॉड करावा असं तुझ्या मनात येईल, माझ्याही येतं. मोठं इंजिन पुढे, एकट्या चाकावर टाकू नकोस. तीनचाकीची चाकं जोडली की त्रिकोण होतो, आणि टोक पुढे असल्यामुळे वजन जितकं पुढे तितकी ती वळणावर लवकर कलंडते. इंजिन मागच्या दोन चाकांच्या मध्ये, जमेल तेवढं खाली. मग पुढे नुसता फाटा, चाक आणि ड्रायव्हरचे पाय. असं केलंस की तिचं रूपही बदलतं, नाक हलकं होतं, पार्श्वभाग भरतो, आणि ते रूप तिला शोभतं. विजय सुपरचं चाक मात्र चारचाकी रॉडलाही चालेल. 3.50-10 चा टायर, बाहेरून साधारण 17 इंच, म्हणजे आपल्या प्रमाणात 18 मिलिमीटर. उघड्या, हलक्या रॉडला पुढे मोटारसायकलची चाकं अमेरिकेतही लावली आहेत. जड बॉडीच्या गाडीखाली ती लावू नकोस.

पण तुझ्यासाठी माझी पहिली पसंती फियाट. पद्मिनी, किंवा तिच्या आधीची, जिला मुंबई-पुण्याकडे डुक्कर फियाट म्हणतात ती 1100. पुढून फुगीर, मागून गोल, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, 1089 सीसी, चार सिलिंडर. मांडणी हॉट रॉडचीच आहे. पद्मिनीचा व्हीलबेस 2340 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर 97.5. अ‍ॅम्बॅसॅडर घेतलीस तर 2464, म्हणजे 102.7.

इथे एक मोठा अडथळा आहे आणि बहुतेकांच्या तो लक्षात येत नाही. 1932 च्या फोर्डला खाली वेगळी चेसिस होती, म्हणून मडगार्ड काढले तरी गाडी उभी राहायची. पद्मिनीला आणि अ‍ॅम्बॅसॅडरला तशी वेगळी चेसिस नाही. त्यांचा पत्राच भार पेलतो. पुढचे मडगार्ड आणि आतले पत्रे कापून टाकलेस की सस्पेन्शन धरायला काही उरतच नाही. मॉडेल तरीही उभं राहील, कारण ते प्लॅस्टिकचं आहे, पण जाणकार माणूस खाली वाकून बघेल आणि मान हलवेल. तेव्हा आधी खाली नवीन चेसिस घाल. खऱ्यात 100 बाय 50 मिलिमीटरची चौकोनी नळी वापरतील, तुला ती 4 बाय 2 मिलिमीटरच्या स्टायरीनच्या पट्टीने करता येते. दोन लांब पट्ट्या, चार आडव्या. मागच्या अ‍ॅक्सलवरून जाताना पट्टी वर उचलून मग सरळ ने, म्हणजे गाडी खाली बसते. बॉडी त्या पट्ट्यांवर नुसती ठेवू नकोस, थोडी खाली उतरवून बसव. जीप घेतलीस तर हे सगळं टळतं, तिला मुळातच वेगळी चेसिस आहे. तरी मी फियाटच सांगेन, कारण हा अडथळा ओलांडताना जे शिकशील ते दुसरीकडे शिकायला मिळणार नाही.

मापं पुस्तकातून घेऊ नकोस, उभ्या गाडीवरून घे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची सद्दी 2023 च्या ऑक्टोबरात संपली, पण घरच्या गाड्या जपणारे लोक आहेत. विनंती केलीस तर टेप लावू देतात. फोटो लांबून, झूम करून काढ. जवळून काढलास की नाक मोठं आणि शेपूट बारीक दिसतं आणि त्यावरून काढलेला आराखडा फसतो. फोटो प्रिंट करताना दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर 97.5 मिलिमीटर येईल असा कर, बाकी सगळं आपोआप प्रमाणात येतं. खेळण्यातली गाडी कापणार असशील तरी हीच रीत. खऱ्या व्हीलबेसला खेळण्याच्या व्हीलबेसने भाग, प्रमाण कळतं. खेळण्यांची चाकं बहुधा प्रमाणाबाहेर असतात, ती काढून ठेव.

बॉडी शून्यातून करायची तर 1 मिलिमीटरच्या स्टायरीनचे आडवे छेद काप, दर 10 मिलिमीटरला एक, आणि वर पातळ पट्ट्या चिकटव. शीट आरपार कापत बसू नकोस. अर्ध्या जाडीपर्यंत ब्लेडची रेघ ओढ आणि मोड, सरळ तुटतं. खाचा भरायला एम-सील घे. दोन्ही भाग कणकेसारखे मळ, रंग एकसारखा झाला की लाव, ओल्या बोटाने गुळगुळीत कर आणि पूर्ण कडक होईपर्यंत हात लावू नकोस. गाड्यांना भरतात ती ट्यूबमधली पुट्टी फक्त शेवटच्या ओरखड्यांसाठी ठेव. जाड थर दिलास तर ती वाळताना आकसते आणि रंग झाल्यावर महिन्याभराने खड्डा दिसतो. पेपर 220 पासून सुरू कर, मग 400, 600, 1000, आणि सगळा पाण्यात बुडवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही. चिकटवायच्या सॉल्व्हंटला खिडकी उघडी हवी. यात हयगय करायची नाही, हे मी तुझ्या आईलाही सांगितलं आहे.

टप कापणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण, तिथे जरा थांबू. चार इंच उतरवायचा म्हणजे मॉडेलवर 4 मिलिमीटर आणि किंचित वर. आधी दारं आतून भंगार पट्ट्यांनी टेकू देऊन पक्की कर, नाहीतर खांब कापताच बॉडी पसरते. मग मास्किंग टेप 4 मिलिमीटर उंचीची कापून प्रत्येक खांबावर चिकटव. वरची कड आणि खालची कड म्हणजे तुझ्या दोन कापायच्या रेषा. पेन्सिलीची रेघ जाड असते, टेपची कड नसते. आरी सोनाराची घे, पातळ पात्याची. इथे चौकातल्या सराफ्याच्या आसपास मिळते, पुण्यात रविवार पेठेत बघ. खांब कललेले असतात, हे विसरलीस की घात होतो. समोरचा खांब उभ्या रेषेपासून 25 अंश कललेला असेल आणि 4 मिलिमीटर कापलेस, तर टपाचा पाय आणि खालचा खुंट यांत जवळजवळ 1.9 मिलिमीटरचा फरक पडतो. मागेही तसंच. म्हणजे टप जवळपास 4 मिलिमीटर आखूड पडतो. दोन वाटा आहेत. खांब आणखी कलवून गाठ घाल, किंवा टप मधोमध आडवा कापून तेवढी पट्टी भर. मी दुसरी वाट घेईन. खांब फार कलले की काच झोपते आणि डुक्कर फियाटचा फुगीर चेहरा हरवतो, ज्याच्यासाठी आपण ती गाडी घेतली. जोडताना खांबांत 0.8 चं छिद्र पाडून तारेची खुंटी घाल, नुसत्या डिंकावर विसंबू नकोस. आणि मग तो पुठ्ठ्याचा माणूस आत बसव. डोकं टपाला लागलं तर आसन खाली घे, तेही चेसिसपर्यंत गेलं तर टप कमी काप.

चाकं वळती ठेवणार असशील तर एका दोऱ्याने तपासणी होते. पुढच्या चाकाच्या खुंटापासून स्टिअरिंगच्या हाताच्या टोकावरून दोरा मागे ने. दोन्ही बाजूंचे दोरे मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर भेटले पाहिजेत. तसे भेटले की वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, खऱ्या गाडीत वळतं तसंच. पूर्ण वळवून चाक कुठे घासत नाही ना, तेही बघ.

इंजिनात लोक घाई करतात. फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट घालणार असशील तर एका बाजूला चार सिलिंडर असले तरी एक्झॉस्टचे पाइप तीनच निघतात, कारण मधल्या दोघांची वाट एक आहे. वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर पुढे, खाली असतो, मागे नाही. फायरिंग ऑर्डर 1-5-4-8-6-3-7-2. फियाटचंच इंजिन ठेवलंस तर 1-3-4-2. प्लगच्या वायरी खऱ्यात 7 मिलिमीटरच्या आसपास असतात. मोटर वाइंडिंगवाल्याकडे 30 गेजची तांब्याची तार माग, तिची जाडी 0.315 मिलिमीटर, चोवीसने गुणलीस की साडेसात येतात. कार्बोरेटरच्या तोंडाला 18 गेजची नवी इंजेक्शनची सुई, बाहेरून 1.27, म्हणजे खऱ्यात 30 मिलिमीटर; टोक घासून बोथट करायचं आणि मगच तुकडा कापायचा. आणि आमच्या लखनौची एक खास वस्तू सांगतो. जरदोजीवाले ‘दबका’ वापरतात. बारीक धातूच्या तारेची गुंडाळलेली नळी, स्प्रिंगसारखी, वजनावर विकतात. तांब्याच्या तारेवर ती ओवलीस की पोलादी जाळीचा पेट्रोलचा पाइप तयार. तिरप्या उजेडात तिच्यावरचे वेढे असे चमकतात की बाहेरच्या देशांतून महाग पाकिटं मागवायची गरजच उरत नाही. तुझ्यासाठी थोडा दबका बाजूला काढून ठेवला आहे.

पारदर्शक टप हवाच असेल तर सागाच्या बिनगाठीच्या तुकड्याचा साचा कर आणि त्याला आरशासारखं घास. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेवर उमटतो. पॅकिंगमधली स्वच्छ पीईटी शीट चौकटीत ताणून धर, दुरून गरम कर, ती लोंबायला लागली की एका दमात साच्यावर दाब. धीराने पुन्हा पुन्हा करण्याचं काम आहे, शीट स्वस्त आहे.

रंगाला हवामान बघायचं. पावसाळ्यात थिनर उडताना दमट हवेतलं पाणी रंगावर बसतं आणि चकाकीवर पांढरट धुरकट थर येतो. लखनौत पौषातल्या धुक्यातही तेच. उन्हाळ्यात लू सुटली की रंगाचे थेंब पोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, शिवाय धूळ. मी इथे फाल्गुनात किंवा दिवाळीनंतर, सकाळी अकरा ते दुपारी दोनपर्यंत रंगवतो. तुला पुण्यात हिवाळाभर सवड आहे. डबा कोमट पाण्यात ठेवून घे, 20-25 सेंटीमीटरवरून मार, फवारा गाडीच्या बाहेर सुरू कर आणि बाहेरच थांबव. खऱ्या गाडीचा मेटॅलिक रंग वापरू नकोस. त्यातला कण आपल्या गाडीवर चोवीस पट मोठा दिसतो, वाळू उधळल्यासारखा. जो बेलन नावाच्या अमेरिकन कारागिराने लोकप्रिय केलेला तो काचेसारखा लाल हवा असेल तर खाली बारीक रुपेरी, वर पारदर्शक लालचे पातळ हात, प्रत्येक हात तितकाच. कुठे एक हात जास्त पडला की तेवढाच भाग गडद होतो. हार्डनर घालायचा गॅरेजमधला रंग घरात अजिबात नको, त्याची वाफ साध्या रुमालाने अडत नाही.

बारीक रेघांसाठी ट्रान्सपोर्ट नगरातल्या ट्रक रंगवणाऱ्या पेंटरांचा हात बघ. लांब केसांचा ब्रश, त्यावर रंग भरपूर, टोकावर दाब नाही, आणि नजर ब्रशवर नाही तर रेघ जिथे पोचायची आहे तिथे. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणतो, “हाथ नहीं, कंधा चलाइए.” खऱ्या गाडीवरची 3 मिलिमीटरची रेघ आपल्या प्रमाणात 0.125 होते, तेवढी कुणाच्याच हातून निघत नाही. 0.3 पर्यंत डोळा चालवून घेतो, त्यापुढे ती पट्टी वाटते.

अमेरिकेत जनरल मोटर्स 1930 ते 1968 पर्यंत शाळकरी मुलांची एक मॉडेल स्पर्धा भरवत असे, फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड. नंतरच्या काळात मुलं लाकूड, प्लास्टर घेऊन एकास बारा प्रमाणात स्वतःच्या डोक्यातल्या गाड्या करायची, जिंकणाऱ्यांना शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि त्यांतले कितीतरी पुढे खऱ्या गाड्यांचे डिझायनर झाले. मुलींना त्यात जागा नव्हती. तू डिझाइनला जायचं म्हणतेस तेव्हा हे माझ्या डोक्यात असतं, आणि म्हणून मी तुला सोपं करून काही सांगणार नाही.

आता बॉडीला हात लावू नकोस. आधी नुसती चेसिस कर, चार चाकं लाव, आणि अगदी बाजूने, स्टीलची पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठव. 97.5 दिसले की पुढचं बोलू. दिवाळीला येशील तेव्हा लाटूश रोडवरून 0.8 आणि 0.5 ची ड्रिल आणू, ती तुटतात, जास्तच घेऊ. रविवारी नक्खासला सकाळी लवकर निघावं लागेल, उशिरा गेलं की बेअरिंगं आणि छोट्या मोटारी उचलल्या गेलेल्या असतात.